अपघातग्रस्तांना न्याय आणि साक्षीदाराचे स्थान

नवी मुंबईतील शिरवणे हे गाव शीव-पनवेल महामार्गाच्या लगत, नेरूळ आणि जुईनगर या उपनगरांच्या मध्ये वसलेले आहे. महामार्गापलीकडे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखाने आहेत. भातशेती, मिठागरे आणि खाडीतील मासेमारी यांवर जगणाऱ्या या परिसराचे रूप १९७० साली सिडकोची स्थापना झाल्यानंतर झपाट्याने पालटले. १९८९ साली न्हावाशेवा येथील बंदर सुरू झाले आणि अवजड वाहतुकीची त्यात भर पडली. पुढे नवी मुंबई महानगरपालिका अस्तित्वात आली. गावाच्या वेशीवरून बैलगाडी जात असे, तेथून आता रात्रंदिवस कंटेनर, टँकर आणि बसगाड्या धावतात. विकासाबरोबर रोजगार आला, तसा अपघाताचा धोकाही आला.

अपघात घडतो, माणसे जमतात, जखमीला कोणीतरी रुग्णालयात पोहोचवते आणि थोड्या वेळाने गर्दी पांगते. काही महिन्यांनी जखमी व्यक्ती किंवा मृताचे कुटुंब नुकसानभरपाईसाठी दावा दाखल करते, तेव्हा मात्र ‘मी पाहिले’ असे सांगणारा एकही माणूस सापडत नाही. कुटुंबातील कमावता माणूस गेलेला किंवा अंथरुणाला खिळलेला असतो, मुलांच्या शिक्षणाचा प्रश्न उभा असतो, आणि केवळ एका साक्षीच्या अभावी हक्काची रक्कम मिळणे दुरापास्त होते. या दृष्टीने अपघाताच्या दाव्यात साक्षीदाराचे स्थान काय, त्याच्यावर कोणती जबाबदारी येते आणि कायदा त्याला कोणते संरक्षण देतो, याची माहिती गावपातळीवरील कार्यकर्त्यांना असणे अगत्याचे आहे.

दोन न्यायालये, दोन कसोट्या

रस्ता अपघातातून साधारणतः दोन निरनिराळी प्रकरणे उद्भवतात. निष्काळजीपणे वाहन चालविल्याबद्दल चालकावर फौजदारी खटला होतो. त्यात शासन फिर्यादी असते आणि आरोपीस शिक्षा व्हावी हा हेतू असतो. दुसरे प्रकरण म्हणजे नुकसानभरपाईचा दावा. तो मोटार अपघात दावे न्यायाधिकरणापुढे चालतो. अशा न्यायाधिकरणांची तरतूद १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात १९५६ च्या दुरुस्तीने झाली आणि १९८८ च्या कायद्यात ती कायम राहिली. अर्जदाराला अपघात जेथे घडला तेथील, स्वतः राहतो किंवा व्यवसाय करतो तेथील, अथवा प्रतिवादी राहतो तेथील न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो.

या दोन प्रकरणांत पुराव्याची कसोटी वेगळी असते, ही गोष्ट प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. फौजदारी खटल्यात आरोपीचा गुन्हा वाजवी संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो. नुकसानभरपाईच्या दाव्यात मात्र दोन्ही बाजूंचा पुरावा तोलून पाहिला असता कोणती बाजू अधिक संभवनीय वाटते, एवढेच पाहिले जाते. हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने अनेक निर्णयांत स्पष्ट केले आहे. त्यामुळे चालक फौजदारी खटल्यातून सुटला म्हणून भरपाईचा दावा आपोआप फेटाळला जात नाही. ‘खटला सुटला, आता दाव्यात काय अर्थ?’ अशी समजूत करून घेऊन अनेक कुटुंबे घरी बसतात. ही समजूत चुकीची आहे.

दोष सिद्ध करण्याचा भार

अपघात वाहनचालकाच्या निष्काळजीपणामुळे झाला हे दावेदाराने सिद्ध केले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली मुंबई उच्च न्यायालयातून आलेल्या एका प्रकरणात सांगितले. या नियमाने गरीब दावेदारांची होणारी अडचण ध्यानात घेऊन १९८२ साली कायद्यात दुरुस्ती झाली. दोष कोणाचा याची चौकशी न करता मृत्यूबद्दल १५,००० रुपये आणि कायमच्या अपंगत्वाबद्दल ७,५०० रुपये देण्याची तरतूद त्यावेळी करण्यात आली. पुढे वेळोवेळी या रकमा वाढत गेल्या. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १६४ खाली मृत्यूबद्दल ५ लाख रुपये आणि गंभीर दुखापतीबद्दल अडीच लाख रुपये इतकी रक्कम ठरविण्यात आली. या कलमाखालील दाव्यात चालकाचा दोष सिद्ध करावा लागत नाही. तथापि अपघात घडला आणि त्यात तेच वाहन होते, एवढे तरी दाखवावेच लागते.

प्रत्यक्ष नुकसान यापेक्षा पुष्कळ अधिक असेल, तर कलम १६६ खाली पूर्ण भरपाईचा दावा करता येतो. तेथे मात्र दोष सिद्ध करण्याचा प्रश्न येतो आणि साक्षीदाराचे महत्त्व वाढते. चालक वाहन पळवून नेतो आणि वाहनाचा पत्ताच लागत नाही, अशा प्रकरणात मृत्यूबद्दल २ लाख रुपये आणि गंभीर दुखापतीबद्दल ५० हजार रुपये देण्याची योजना १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे. या रकमांची तुलना केली म्हणजे एक गोष्ट सहज लक्षात येते. पळून जाणाऱ्या वाहनाचा क्रमांक टिपून ठेवणारा एक सावध माणूस त्या कुटुंबाच्या पदरात लाखो रुपयांचा फरक पाडू शकतो.

साक्षीदार कोणकोण?

साक्षीदार म्हणजे अपघात डोळ्यांनी पाहणारा माणूस, एवढाच अर्थ सामान्यतः घेतला जातो. वस्तुतः भरपाईच्या दाव्यात निरनिराळ्या व्यक्तींच्या साक्षी लागतात आणि प्रत्येकाचे काम वेगळे असते.

पहिला प्रत्यक्षदर्शी साक्षीदार. वाहन कोणत्या बाजूने, कसे आले, दिवा लाल होता की हिरवा, पादचारी रस्त्याच्या कडेला होता की मध्ये, हे तो सांगतो. त्याने स्वतः पाहिले तेवढेच सांगावे. दुसऱ्याकडून ऐकलेली हकिकत सामान्यतः पुरावा म्हणून ग्राह्य धरली जात नाही. साक्षीदारांची संख्या किती असावी, असेही कायद्याचे बंधन नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यात हे तत्त्व होते आणि १ जुलै २०२४ पासून त्याची जागा घेणाऱ्या भारतीय साक्ष अधिनियमातही ते कायम आहे. एकाच विश्वासार्ह साक्षीदारावर दावा उभा राहू शकतो.

दुसरा पंच. घटनास्थळाचा पंचनामा करताना पोलीस गावातील किंवा परिसरातील व्यक्तींना पंच म्हणून बोलावतात. रस्त्याची रुंदी, ब्रेकच्या खुणा, काचांचे तुकडे, वाहन कोठे थांबले, जखमी कोठे पडला होता, या गोष्टी पंचनाम्यात येतात. पुढे वर्ष-दोन वर्षांनी रस्ता रुंद होतो, दुभाजक बदलतो आणि खुणा तर दुसऱ्या दिवशीच नाहीशा होतात. त्या दिवशीची परिस्थिती सांगणारा पंचनामाच उरतो. म्हणून कोऱ्या किंवा अपुऱ्या कागदावर सही करणे हा केवळ हलगर्जीपणा नव्हे, तर अपघातग्रस्तावर अन्याय होय. पंचनामा वाचून, जागा पाहून, मापे आपल्यासमक्ष घेतली गेल्यावरच पंचाने सही करावी.

तिसरा उपचार करणारा डॉक्टर. जखमी व्यक्तीच्या दाव्यात त्याची साक्ष निर्णायक ठरते. केवळ अपंगत्वाचे प्रमाणपत्र जोडून काम भागत नाही. ते देणाऱ्या डॉक्टरची उलटतपासणी घेण्याची संधी प्रतिपक्षाला मिळाली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१० मध्ये दिलेल्या एका महत्त्वाच्या निर्णयात सांगितले. त्याच निर्णयात अपंगत्वाचे प्रमाण आणि कमाईच्या क्षमतेतील घट या दोन गोष्टी एक नव्हेत, हेही उदाहरणाने स्पष्ट केले आहे. डावा हात गमावलेला माणूस चालक किंवा सुतार असेल, तर त्याची कमाई जवळजवळ पूर्णपणे थांबते. तोच माणूस सरकारी कचेरीत लिपिक असेल, तर त्याची नोकरी कदाचित चालू राहील. म्हणून शरीराची हानी किती हे डॉक्टरने सांगावयाचे, आणि त्या हानीमुळे कमाई किती बुडाली हे न्यायाधिकरणाने ठरवावयाचे. डॉक्टरांचा वेळ मोलाचा असतो याचीही न्यायालयाने दखल घेतली आहे. त्यांना ठराविक वेळ द्यावी, तिष्ठत ठेवू नये, आवश्यक तर आयुक्त नेमून रुग्णालयातच साक्ष नोंदवावी, अशा सूचना या निर्णयात आहेत.

चौथा साक्षीदार उत्पन्नाचा. मालक, ठेकेदार, सहकारी संस्थेचा सचिव किंवा कारखान्याचा वेतन लिपिक मृताचे अथवा जखमीचे उत्पन्न सांगतो. ज्याच्या हाती पगाराची चिठ्ठी नाही अशा नाका कामगाराच्या किंवा मासळी विकणाऱ्या बाईच्या बाबतीत, तिच्याबरोबर काम करणाऱ्या माणसाची साधी, खरी साक्षही उपयोगी पडते.

पाचवा साक्षीदार शिक्षकांच्या विशेष लक्षात राहावा असा आहे. भरपाई ठरविताना वार्षिक उत्पन्नाला एका गुणकाने गुणले जाते. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २००९ मध्ये निश्चित केलेल्या कोष्टकानुसार हा गुणक वयावर अवलंबून असतो. १५ ते २५ वर्षांच्या व्यक्तीसाठी तो १८, ३६ ते ४० वयासाठी १५, ५१ ते ५५ साठी ११ आणि ६६ ते ७० साठी ५ आहे. वयाचा पुरावा चुकला तर साहजिकच भरपाईची सारी आकडेमोड चुकते. ऑक्टोबर २०२४ मध्ये अपघात भरपाईच्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने वयाच्या प्रश्नावर आधार कार्डाऐवजी शाळा सोडल्याच्या दाखल्यावरील जन्मतारीख ग्राह्य धरली. शाळेच्या जनरल रजिस्टरातील एक ओळ तीस वर्षांनी एखाद्या विधवेच्या दाव्याचा आधार ठरू शकते. ते रजिस्टर जपून ठेवणारा आणि बोलावले असता ते घेऊन हजर होणारा मुख्याध्यापक हाही न्यायाच्या कामातील साक्षीदारच आहे.

साक्षीदार अपुरा असेल तर

प्रत्यक्षदर्शी न मिळाल्यास दावा संपलाच, असे मात्र नाही. नागपूरहून पांढुर्ण्याकडे जाणारी एक मोटार डिसेंबर १९६० मध्ये रस्ता सोडून झाडावर आदळली आणि आतील प्रवासी मृत्यू पावला. या प्रकरणात अपघात कसा झाला याचा थेट पुरावा तोकडा होता. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली निर्णय देताना घटना स्वतःच बोलते या तत्त्वाचा आधार घेतला. नीट चालविलेली मोटार सहसा रस्ता सोडून झाडावर जात नाही. ती का गेली, याचा खुलासा मग वाहनाच्या बाजूने करावयाचा असतो.

फेब्रुवारी २०१९ मध्ये राजस्थान राज्य मार्ग परिवहन महामंडळाविरुद्धच्या एका दाव्यातही सर्वोच्च न्यायालयाने दावेदारांना दिलासा दिला. मोटारसायकलवर मागे बसलेल्या व्यक्तीला तपासले नाही, एवढ्यावरून दावा कोसळत नाही. फौजदारी खटल्यातील साक्षीदारांच्या यादीत नाव नसलेल्या व्यक्तीलाही न्यायाधिकरणापुढे साक्ष देता येते. प्रतिपक्षाला तिची उलटतपासणी घेण्याची पुरेशी संधी मिळाली म्हणजे झाले. डिसेंबर २०२० मधील आणखी एका निर्णयात, जखमीला रुग्णालयात नेणाऱ्या साक्षीदाराने स्वतः पोलिसांकडे वर्दी दिली नाही या कारणाने त्याच्यावर अविश्वास दाखविणे न्यायालयाला मान्य झाले नाही.

याचा अर्थ साक्षीदार अनावश्यक आहे असा नव्हे. पुरावा तोकडा असला तर दावा वर्षानुवर्षे अपिलांत फिरत राहतो. वर उल्लेखिलेल्या १९६० च्या अपघाताचा निर्णय सोळा वर्षांनी लागला. जागेवरची एक साक्ष ही वाट पुष्कळ कमी करू शकते.

लोक पुढे का येत नाहीत?

पोलीस ठाण्याच्या फेऱ्या, रुग्णालयात अडकून पडण्याची धास्ती, रोजंदारी बुडण्याची चिंता, वाहनमालकाचा राग आणि ‘कोर्टाची पायरी चढू नये’ ही जुनी शिकवण, अशी अनेक कारणे यामागे असतात. ती खोटी आहेत असे म्हणता येणार नाही. शिरवण्यासारख्या ठिकाणी अपघात पाहणारा माणूस बहुधा पाळीवर निघालेला कामगार, रिक्षाचालक किंवा फेरीवाला असतो. एक दिवस गेला तर त्या दिवसाची चूल अडते.

या अडचणी दूर करण्यासाठी गेल्या काही वर्षांत महत्त्वाची पावले उचलली गेली. केंद्र शासनाने तयार केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांना सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी मान्यता दिली. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ घालण्यात आले आणि त्याखालील नियम सप्टेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांचा सारांश असा :

जखमीला सद्भावनेने मदत करणाऱ्या व्यक्तीवर, मदत करताना काही कमीजास्त घडल्यास, दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होऊ शकत नाही. तिला आपले नाव, पत्ता सांगण्याची सक्ती पोलिसांना करता येत नाही. जखमीला पोहोचवून तिला लगेच जाता येते. ती प्रत्यक्षदर्शी असेल तर केवळ पत्ता देऊन जाता येते. रुग्णालयाने तिच्याकडे उपचाराच्या खर्चाची मागणी करावयाची नाही. या हक्कांची सनद रुग्णालयाच्या प्रवेशद्वाराशी स्थानिक भाषेतही लावणे आवश्यक आहे. अशी व्यक्ती स्वेच्छेने साक्षीदार होण्यास तयार झाली, तर तिची तपासणी तिच्या सोयीच्या वेळी व ठिकाणी, घरी किंवा कामाच्या जागी करावयाची आहे. तेथे जाणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याने साध्या वेशात जावे आणि जबाब एकाच वेळी पूर्ण करावा, असे नियम सांगतो.

इतर साक्षीदारांच्या बाबतीतही कायद्याने काही सवलती दिल्या आहेत. पंधरा वर्षांखालील किंवा साठ वर्षांवरील पुरुष, स्त्रिया, अपंग आणि गंभीर आजारी व्यक्ती यांना जबाबासाठी राहत्या जागेव्यतिरिक्त अन्यत्र येण्यास पोलीस भाग पाडू शकत नाहीत. तपासात पोलिसांनी नोंदविलेल्या जबाबावर साक्षीदाराची सही घ्यावयाची नसते, हेही पुष्कळांना माहीत नसते.

साक्ष कशी होते?

न्यायाधिकरणाची कार्यपद्धती दिवाणी न्यायालयापेक्षा सुटसुटीत असते. तथापि शपथेवर पुरावा घेण्याचे आणि साक्षीदारांना समन्स पाठवून हजर करण्याचे अधिकार त्याला आहेत. सरतपासणी बहुधा प्रतिज्ञापत्राच्या रूपाने दाखल होते. त्यानंतर विमा कंपनीचा किंवा वाहनमालकाचा वकील उलटतपासणी घेतो. समन्सने बोलावलेल्या साक्षीदाराचा प्रवासखर्च व भत्ता त्याला बोलावणाऱ्या पक्षकाराने भरावयाचा असतो.

उलटतपासणीची धास्ती घेण्याचे कारण नाही. प्रश्न नीट ऐकून घ्यावा, समजला नाही तर पुन्हा विचारण्यास सांगावे. अंतर, वेग, वेळ यांचा अंदाज असेल तर ‘अंदाजे’ असे म्हणावे. आठवत नाही ते आठवत नाही असे सांगण्यात कमीपणा नाही. अपघातग्रस्ताविषयीच्या कळवळ्याने न पाहिलेली गोष्ट पाहिली म्हणून सांगणारा साक्षीदार त्याचे भले करीत नाही. एक असत्य उघडे पडले की त्याच्या खऱ्या बोलण्यावरचाही विश्वास उडतो. शिवाय शपथेवर खोटी साक्ष देणे हा शिक्षेस पात्र असा गुन्हा आहे.

रस्त्याकडेच्या दुकानांतील व कारखान्यांच्या फाटकांवरील कॅमेऱ्यांमुळे पुराव्याचे एक नवे साधन उपलब्ध झाले आहे. परंतु यंत्रालाही साक्षीदार लागतोच. चित्रण कोणत्या उपकरणातून, कसे घेतले याचे कायद्याने विहित केलेले प्रमाणपत्र जोडल्याशिवाय त्याची प्रत पुराव्यात सहसा स्वीकारली जात नाही. बहुतेक यंत्रणांत जुने चित्रण काही दिवसांनी पुसले जाते. म्हणून ते जतन करण्याची विनंती पोलिसांनी आणि नातेवाइकांनी तातडीने, लेखी स्वरूपात करणे इष्ट ठरते.

कारखान्यातील अपघात

कामावर असताना झालेल्या दुखापतीचा मार्ग निराळा आहे. दुखापत नोकरीमुळे आणि नोकरीच्या ओघात झाली असेल, तर मालकाचा दोष दाखविण्याची गरज नाही, हे तत्त्व १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने घालून दिले आणि ते २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही घेण्यात आले आहे. येथे वादाचा मुद्दा बहुधा वेगळाच असतो. अपघात कामाच्या वेळी झाला का? कामगाराने यंत्राचे संरक्षक आवरण मुद्दाम काढून ठेवले होते का? याचे उत्तर शेजारच्या यंत्रावर काम करणारा सहकारीच देऊ शकतो. त्याला स्वतःच्या नोकरीची काळजी असते, हे खरे. म्हणूनच अपघाताची नोंद त्याच दिवशी अपघात नोंदवहीत व्हावी आणि कामगार संघटनेच्या प्रतिनिधीने ती पाहावी. कागद वेळेवर तयार झाला, तर साक्षीदाराच्या एकट्याच्या खांद्यावर सारा भार पडत नाही.

गावपातळीवर काय करता येईल?

केंद्रीय मोटार वाहन नियमांतील २०२२ च्या दुरुस्तीनुसार पोलिसांनी ४८ तासांच्या आत अपघाताचा प्राथमिक अहवाल आणि ९० दिवसांच्या आत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाकडे पाठवावयाचा आहे. साक्षीदाराचे नाव या काळातच कागदावर आले तर ते उपयोगी पडते. त्याच वर्षीच्या १ एप्रिलपासून कलम १६६ खालील दाव्यास अपघातापासून ६ महिन्यांची मुदत घालण्यात आली. या मुदतीच्या वैधतेचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे नेण्यात आला आहे. तथापि कुटुंबांनी त्यावर विसंबून न राहता मुदतीतच अर्ज करणे हिताचे आहे. ज्यांना वकिलाचा खर्च झेपत नाही, त्यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत कायदेविषयक साहाय्य मिळू शकते.

महामार्गालगतच्या ग्रामपंचायतींना आणि शाळांना या कामी पुष्कळ करता येण्यासारखे आहे. अपघात झाल्यास वाहनाचा क्रमांक, वेळ, ठिकाण आणि उपस्थित असलेल्या, नाव देण्यास तयार असलेल्या दोन-तीन व्यक्तींची नावे टिपून ठेवण्याची जबाबदारी एखाद्या सदस्याने किंवा पोलीस पाटलाने घ्यावी. मदत करणाऱ्याच्या हक्कांची माहिती ग्रामसभेत वाचून दाखवावी. जखमीला पहिल्या तासाभरात रुग्णालयात पोहोचवून त्याचे प्राण वाचविणाऱ्यास केंद्र शासनाच्या २०२५ च्या राहवीर योजनेखाली २५,००० रुपयांचे पारितोषिक देण्यात येते, हेही लोकांना सांगावे. शाळेत वरच्या वर्गांतील मुलांना रस्त्याचे नियम शिकविताना, अपघात पाहिल्यावर काय लक्षात ठेवावे याचाही पाठ द्यावा.

कायदा भरपाईची रक्कम ठरवू शकतो, मुदत घालू शकतो आणि संरक्षण देऊ शकतो. परंतु त्या क्षणी रस्त्यावर काय घडले हे त्याला कोणीतरी सांगावे लागते. एखाद्या कामगाराने अर्धा दिवस खर्ची घालून सांगितलेल्या चार खऱ्या वाक्यांवर अनोळखी घरातील मुलांची शाळा चालू राहू शकते. ती वाक्ये सांगणाऱ्याला अधिकाऱ्यांनी सन्मानाने वागविणे आणि गावाने त्याच्या पाठीशी उभे राहणे, एवढी जबाबदारी उरलेल्या सर्वांची आहे.